मावशीनं भरलेला फॉर्म

दि. ४ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि तू वॉर्डात गेल्यापासून चादरींच्या घड्या तपासतेस म्हणे! नर्सच्या नोकरीतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आता जरा पेशंट हो की.

इकडे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा डोक्यावर आहे. औषधाच्या तीव्र अ‍ॅलर्जीचा धडा तू सुट्टीत इतका घोकून घेतलास, की झोपेतही म्हणेन: पेशंटला आडवं करायचं, पाय वर, आधी अ‍ॅड्रेनालिन मांडीत, बाकी सगळं नंतर.

माया आहे तेवढीच ठेव, धाक थोडा कमी कर.

तुझी,
चिमणी

दि. ९ जुलै

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन झालं नाही. घाबरू नकोस, गुडघा सोडला तर मी धडधाकट आहे.

चूक माझी. फॉर्मवर अ‍ॅलर्जीच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. खरं म्हणजे पूर्वी एका अँटिबायोटिकनं माझे ओठ सुजले होते. बर्फ लावून ड्यूटी पूर्ण केली आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. आता ते लिहिलं तर तपासण्या निघतील, चार महिन्यांनी मिळालेली तारीख हुकेल, असं वाटलं. जन्मभर पेशंटना ज्या रकान्यावरून झापलं, तिथेच मी थाप मारली!

ऑपरेशनआधी नेमकं तेच औषध शिरेत गेलं. दोन मिनिटांत तळहात खाजू लागले, घसा आवळला. मला कळलं होतं गं. तरी मी नर्सला म्हटलं, की उकडतंय, बाकी काही नाही.

ही नर्स म्हणजे एक मऊ आवाजाची मुलगी, जिच्याबद्दल मी आदल्याच दिवशी शेजारच्या पेशंटला म्हटलं होतं, की हिच्याच्यानं काही व्हायचं नाही. तिनं औषध थांबवलं, मदतीला हाक मारली, मला आडवं केलं. मी उठायला बघत होते, आधी खाजेचं इंजेक्शन दे म्हणून हुकूम सोडत होते. तिनं मला जुमानलं नाही, सरळ मांडीत अ‍ॅड्रेनालिन दिलं. थोड्या वेळानं श्वास मोकळा झाला. त्रास उलटू शकतो म्हणून दिवसभर नजरेखाली ठेवलं होतं.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
मावशी

दि. १२ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग जिन्यातच बसून रडले. मला खूप राग आलाय. तू गेली असतीस, मावशी! त्या तारखेसाठी?

शनिवारी येते. त्या नर्सला विचारून ठेव, की तुझा हुकूम मोडायचं धाडस तिला झालं कसं? मला तर आजवर जमलं नाही.

राग आणि लोभ, दोन्ही तुझ्यावरच.

चिमणी

दि. १५ जुलै

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

विचारलं. आज पुन्हा तपासणीला गेले, तेव्हा नाडी मोजता मोजता ती म्हणाली, की माझी भीती तिला फार वाटते, अजूनही वाटते. पण त्या वेळी माझा आवाज बसत चालला होता, आणि माझं ओरडणं पुन्हा ऐकायला मिळालं नाही तर, ही भीती त्याहून मोठी होती.

मी तिचा हात धरून ठेवला. तिची मोजणी चुकली, तरी पोरीनं हात काढून घेतला नाही.

लवकर ये.

तुझी,
मावशी