शिरक्याची बरणी

रवि. १४ जाने. ७३

बाटलीचं बूच अर्धं निघालं, अर्धं आतच मोडलं. पास्कूने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला तसा सदा ओरडला, "होडीचं इंजिन आहे काय ते? आत ढकल, गाळून घेऊ." पास्कूच्या आईने मलमलीचं फडकं दिलं. बुचाचा भुसा फडक्यात राहिला.

समुद्राकाठचं डोंगरी गाव, पास्कूची पडवी. नेहमीचे तिघेच. मनुकांची वाईन, नाताळातली उरलेली.

रंग – कोऱ्या चहाचा. वास – मनुका, लवंग. चव – गोड, शेवटी तुरट. हे माझं.

सदाचं: "साखर करपवून घातलीय, एक घडी जास्तच करपली. आणि मुरवली ती बरणी आधी लोणच्याची होती."

आतून पास्कूची आई: "आंब्याच्या लोणच्याची व्हती. तीनदा धुतली, पोरा. तुजं नाक हाय का काय हाय!"

सदाचे वडील रत्नागिरीला आंब्याच्या पेट्या भरायचे. पेटी न उघडता आतला डागी आंबा हा सांगायचा. आता सदा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, ॲसिडखात्यात. भांडी टाकीत बुडवायची, काढायची.

दुसऱ्या पेल्यावर त्याने बापूचं सांगितलं. बापू त्याच्याच खात्यातला. आता गावी असतो, दोन पायऱ्या चढला की बसतो. "आमच्याकडे घंटा नाही, मास्तर. नाक हीच घंटा. धूर दिसायच्या आधी वास येतो. वास आला की बाहेर पळायचं. बापूला येईनासा झाला होता. बोलला नाही कुणाला."

मग म्हणाला, "मी वाईनबद्दल काही भलतं बोललो तर त्याच दिवशी सांगायचं. दुसऱ्या दिवशी ॲसिड सोडीन."

"आणि खोली?" गोडदेवच्या चाळीत माझ्या शेजारची त्याची खोली कारखान्याची आहे. ॲसिडवाल्यांनाच मिळते.

"जाईल. नाक गेल्यावर खोलीत बसून काय हुंगू?"

पास्कूने देवाची आण घेतली. मी नुसतं हो म्हटलं.

रवि. ११ फेब्रु.

पास्कूच्या मेव्हण्याने गोव्याहून पोर्ट वाईन आणली. तिथली सर्वांत स्वस्त, असं तो अभिमानाने सांगतो. मेथीच्या जुडीखाली लपवून इथवर आली.

रंग – जांभळा, शाईसारखा. वास – कफाच्या औषधाचा. चव – तीच. पास्कू: "खोकला असता तर बरी लागली असती."

सदा दरवेळी आधी बोलतो. आज आम्हां दोघांचं होईपर्यंत पेला फिरवत बसला. मग म्हणाला, "औषध. बरोबर."

सर्दी आहे म्हणाला.

रवि. ४ मार्च

बुधवारपासून पास्कूचा उपासाचा काळ. ईस्टरपर्यंत पिणार नाही, म्हणून आम्हीही नाही. आज शेवटची.

आल्याची वाईन. रंग – गवती. वास – ओल्या काथ्याचा, मग आलं. चव – तिखट, गोड, पुन्हा तिखट.

सदा: "ओला काथ्या. मास्तर, काय नेमका शब्द काढलास!"

इतकी वर्षं माझ्या शब्दांची टर उडवतो. "तुझी वाईन पुस्तकात छान लागते," हे त्याचं ठरलेलं. आज कौतुक. बरं वाटलं नाही.

रवि. २९ एप्रिल

बसमध्ये सदाने सांगितलं. वहिनीला दिवस गेलेत. लग्नानंतर आठ वर्षांनी. खिडकीतून मिठागरांकडे बघत बोलत होता. म्हणाला, खोलीला चुना लावायला हवा.

पास्कूची आई बहिणीकडे वसईला. पास्कूनेच बरणी उघडून तिघांना ओतलं. सदाने पेला नाकाशी नेला, डोळे मिटले.

"वा. ही गोड उतरलीय," म्हणाला आणि घोट घेतला.

माझा पेला ओठांपर्यंत पोचायच्या आधीच नाकात सणक गेली. वाईन नव्हती, स्वयंपाकातला आंबट शिरका होता. पास्कूने चुकून दुसरी बरणी काढलेली. त्याच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे.

सांगायची वेळ ती होती. सदाने दुसरा घोट घेतला.

पास्कूने पेला संपवला. मीही. घशाला चरे पडले.

"गोड आहे," मी म्हटलं.

"आयचा हात हाय शेवटी," पास्कू म्हणाला.

सदाने आणखी मागितली नाही. बाळाचं नाव काय ठेवायचं यावर बोललो.

नोंद: रंग – तांबूस. वास –

सोम. ३० एप्रिल

पोटात जळजळ. वर्गात मुलांना निबंध घातला आणि बसून राहिलो.

एकच वाक्य होतं. 'सदा, हा शिरका आहे.' चार शब्द. शब्दांचा मास्तर मी.

पुढच्या खेपेला सांगू. बाळ होऊ दे. मग सांगू.

बुध. १६ मे

संध्याकाळी वहिनी दारात. हातात दुधाचं पातेलं, बूड काळं.

"भाऊजी, एक विचारू? मी नळावर होते. हे घरात, स्टोव्हपासून हातभर अंतरावर पेपर वाचत होते. चाळ गोळा झाली वासाने. ह्यांनी मान वर केली नाही."

"वाचनात गुंग असेल."

"हे? पेपरात? तुम्ही कधी ह्यांना मथळ्याच्या पुढे वाचताना बघितलंय?" हसली. मग हसणं गेलं. "वास येत नाही का हो ह्यांना?"

"सर्दी आहे त्याला."

"फेब्रुवारीपासून?"

मी म्हटलं, मोसम वाईट आहे. ती पातेलं घेऊन गेली. बराच वेळ राखेने घासल्याचा आवाज येत होता.

रवि. ३ जून

जांभळाची, गेल्या सालची. पास्कूच्या आईने स्वतः ओतली.

रंग – काळा, कडेला लाल. वास – जांभूळ, माती. चव – तुरट, जीभ जड होते. या वर्षात प्यालो त्यांतली सर्वांत चांगली.

हे लिहून ठेवलं, पण बोललो वेगळं. मुद्दाम म्हटलं, "वेलचीचा वास आहे."

पास्कू चमकला.

सदा: "आहे. थोडी आहे वेलची."

आतून आवाज: "वेलची? माज्या वाईनीत? कोनाला वास आला रं वेलचीचा?"

ती बाहेर आली, पदराला हात पुसत. "आनि माजी शिरक्याची बरणी अर्धी कोनी केली? सोरपोतेलच्या मटनाला ठेवली व्हती."

"मांजरानं सांडली आसंल," पास्कू म्हणाला.

"मांजर झाकन उघडतं?"

"आपलं उघडतं."

"आनि पितं?"

"पितं. मिश्या पुसून जातं."

सदा सगळ्यांत मोठ्याने हसला. खोकला येईपर्यंत.

खोकला लवकर थांबला नाही. पास्कूची आई हसत नव्हती. तिने त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

परतताना पास्कू थांब्यापर्यंत आला. सदा पानाच्या टपरीवर होता तेवढ्यात म्हणाला, "मास्तर, तू सांग."

"आण तू घेतली होतीस."

"म्हनून तर. माज्या तोंडून न्हाय निघत. तू शिकलेला हायस."

बस आली.

गुरु. १४ जून

शाळेत असतानाच कळलं. ॲसिडखात्यात धूर झाला. टाकीत नवीन ॲसिड ओतताना. बाकीचे वासावर बाहेर पळाले. सदा भिंतीकडच्या टाकीवर, पाठमोरा. भांडी काढत राहिला.

दगडू म्हणून त्याच्याबरोबरचा एक आहे. बाहेर मोजले तर एक कमी. तोंडाला ओलं फडकं बांधून आत गेला आणि सदाला ओढून आणलं.

संध्याकाळी सदा घरी. डोळे लाल, घसा बसलेला. "मला वाटलं, चहाची सुट्टी झाली म्हणून गेले सगळे." वहिनी दारात उभी. ती हसली नाही, मीही नाही.

दगडू तेव्हा ठीक होता. बाहेर येऊन विडी ओढली म्हणे.

शुक्र. १५ जून

रात्री दगडूचा श्वास अडकला. सरकारी दवाखान्यात नेलंय. नळी लावली आहे. डॉक्टर म्हणाले, हा धूर असाच. माणूस चालत घरी जातो. छाती नंतर भरते.

सदाला तपासून सोडलं. त्याचं नशीब, असं सगळे म्हणतात. तो धुरात जास्त वेळ होता. पण भिंतीकडे खिडकी होती. दगडू दाराकडून गेला. दाराशीच धूर दाट होता.

वहिनीने काही विचारलं नाही. पातेलं घासून पालथं ठेवलेलं दिसलं.

शनि. १६ जून

सदाबरोबर दवाखान्यात जाऊन आलो. दगडूची बायको पायरीवर बसलेली. सदाला बघून उठली, पदर सावरला. "तुमी बरं हाव ना, भाऊ? हे शुद्धीवर आलं की तेच इचारतील."

सदा आत गेला नाही.

रवि. १७ जून

डोंगरी. जायला नको म्हणत होतो, सदाच म्हणाला चल. पास्कूच्या आईने मनुकांची नवी काढली. तिघांचे पेले भरले. कुणी उचलला नाही.

मी म्हटलं, "सदा, एप्रिलात आपण प्यालो तो शिरका होता."

पास्कू: "मास्तर..."

"जांभळात वेलची नव्हती. मी खोटं बोललो. तुला वास येत नाही. सांगायचं ठरलं होतं, सांगितलं नाही."

सदा पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"शिरका होता ते मला माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"नाक गेलंय, मास्तर. जीभ आहे ना. आंबट कळतं मला. पहिल्या घोटाला कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्याकडे बघत होतो. म्हटलं, आता बोलतील. तुम्ही दोघं शिरका प्यालात. तोंड वाकडं न करता. पास्कूने तर पेला चाटला." थोडं हसला. "तेव्हा कळलं, तुम्ही सांगणार नाही. बरं वाटलं मला. खरं सांगतो. वाटलं, सुटलो. अजून कुणी सांगितलेलं नाही, म्हणजे अजून सोडायला नको."

वेलचीचं विचारलं. म्हणाला, "तू म्हणालास म्हणून म्हणालो. तुला बरं वाटावं म्हणून."

पास्कूची आई आतून येऊन चौकटीला टेकली होती. सगळं ऐकलं असावं. म्हणाली, "तीन दांडगे पुरुष. एका तोंडातनं खरं निघालं न्हाय. आनि भोगतोय कोन?"

पास्कू उठून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

सदा म्हणाला, "आज सांगितलंस."

"हो."

"म्हणजे ठरल्याप्रमाणे उद्या सोडायचं."

मी हो म्हटलं नाही. त्या होची किंमत त्याची खोली होती, वहिनीचं घर होतं. पण नाहीही म्हटलं नाही.

त्याने पेला उचलला, नाकाशी नेला, सवयीने. मग खाली ठेवला. "कशी आहे? खरं सांग."

"रंग चहाचा. वास मनुकांचा, लवंग आहे. साखर या वेळी करपलेली नाही."

"आणि बरणी?"

मी पुन्हा हुंगलं. "मला नाही सांगता येत."

"लोणच्याची नाही ही," पास्कूची आई म्हणाली. "नवी हाय."

सदाने एका घोटात संपवली. चाळीत शिरताना एवढंच म्हणाला, "हिला मी सांगतो. तू नको सांगूस."

भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज आला. रडण्याचा नाही.

सोम. १८ जून

सकाळी भोंगा झाला. सदा निघाला. दारात थांबला नाही, माझ्या खिडकीकडे बघितलं नाही. नाक्यापर्यंत दवाखान्याचा आणि कारखान्याचा रस्ता एकच आहे, पुढे कुठे वळला ते इथून दिसत नाही.

थोड्या वेळाने वहिनी आली. त्याचा डबा तिच्या हातात होता. म्हणाली, विसरले की ठेवून गेले, तुम्हाला काही बोलले का?

म्हटलं, नाही.

ती डबा घेऊन पायरीवर बसली आहे.