सामाजिक ट्रॅकचा स्थानिक सल्लागार

१७ एप्रिल
आजपासून रोजनिशी. पुढे चरित्रकारांची सोय. मुंबईच्या चॅनेलची शाळेवरची मालिका सुट्टीत आमच्याच हायस्कुलात शूट होणार. आणि मराठी शिकवणारा मी स्थानिक सल्लागार! आधी हेडमास्तरांना विचारलं होतं, त्यांना कावीळ झाली म्हणून मी, अशी अफवा आहे. जळतात लोक.

१९ एप्रिल
डायरेक्टरबाई म्हणाल्या, सोशल इश्यू द्या, पण नवा. बालविवाह? झाला. हुंडा? झाला. दारुडा बाप? चॅनेलवर आत्ता तीन चालू आहेत म्हणे.
मग दिव्या आठवली. नववीतली, माझ्याकडे क्लासला येते. जानेवारीत आमच्या पडवीत फिट येऊन पडली. मी प्रसंगावधान राखून चप्पल हुंगवली. (चप्पल बायकोची. मी विज्ञानवादी.) तिची आई सुभद्रा धावत आली, पायाच पडली. सर, खंय बोलू नकात, थोरल्या अनुजाचा लगीन ठरताहा. मी शब्द दिला.
शब्द म्हणजे शब्द. बाईंना फक्त इश्यू सांगितला, नाव नाही. बाई खुर्चीतून उठल्याच. एपिलेप्सी कुणीच केलं नाहीये!

२४ एप्रिल
ट्रॅक (म्हणजे मालिकेतलं उपकथानक) लिहून पूर्ण. मुलीचं नाव नव्या ठेवलं, कुणाच्या बापाला कळणार नाही. धाकटीला फिट येते म्हणून थोरलीचं लग्न मोडतं. तेव्हा एक तडफदार मराठीचे सर (केस दाट) वरपक्षाला भर सभेत फैलावर घेतात. वाचताना मीच रडलो. बायकोच्याही डोळ्यांत पाणी. कांदा चिरत होते, असं तिचं म्हणणं.

२८ एप्रिल
मुहूर्त. आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कार्याला हात लावत नाहीत. बाई म्हणाल्या, ऑथेंटिक हवं. म्हटलं, मीच घालतो. देवळाचा लाऊडस्पीकर, अख्खा गाव जमलेला. सुरुवातीपासूनच लागली तंद्री. युनिटला सांभाळ, कॅमेऱ्याला सांभाळ, टीआरपी वाढव, प्रत्येक मागणीला लोकांचं व्हय म्हाराजा! आवाज काय लागला होता माझा! त्या भरात म्हटलं, आणि आमच्या सुभद्रेच्या दिव्याक जी फिट येता, ती कायमची दूर कर रे म्हाराजा.
व्हय म्हाराजा! अनुजाच्या होणाऱ्या सासरचेही शूटिंग बघायला आले होते. त्यांचा आवाज जरा उशिरा आला.
चूक नाही माझी. गाऱ्हाण्यात नाव स्पष्ट घ्यावंच लागतं, नाहीतर देवाला कळणार कसं, कोणाची फिट? मालिकेत नाव बदललंयच की.

२ मे
फिटचा सीन. नव्या म्हणून मुंबईहून सव्वीस वर्षांची मुलगी आलीय. तोंडाला फेस टूथपेस्टचा. हात कसे वाकडे होतात ते मी करून दाखवलं, युनिटने टाळ्या वाजवल्या. दिव्या गेटाशी उभी होती. पोरं तिच्याकडे बघून तस्संच करत होती. सीन अर्धा टाकून घरी गेली. भारावली असणार.

९ मे
अनुजाचं लग्न मोडलं. शी! काय हा समाज! मी उद्याच कुडाळला जाऊन वरपक्षाची खरडपट्टी काढणार. सोडणार नाही.

१० मे
देवेशच्या बाईकवरून गेलो. (देवेश आमचे चिरंजीव. नोकरी आहे, बायको नाही.) मुलाचे वडील फार अदबशीर निघाले. आंबे कापले. पुतण्याला मालिकेत घ्याल का, विचारलं. शब्द टाकतो म्हटलं. मूळ विषय निघाला नाही. येताना पेटी दिली हापूसची, नाही म्हणणं बरं दिसेना.

२१ मे
बाईंचा फोन. इश्यू जड होतोय, ट्रॅक काढून टाकला. आता नव्याला जुळी बहीण आहे. माझ्या त्या सरांचा सीन? तोही गेला. दिव्या क्लासला येत नाही. शाळाही सोडणार म्हणे. मुलांमध्ये चिकाटीच राहिली नाही.

२४ मे, संध्याकाळ
सुभद्रा आली. आभार मानायला असेल म्हणून खुर्ची दिली. बसली नाही. म्हणाली, सर, तुमीच सांगतात ना ह्यात लाज कसली? मगे आमच्या अनुजाक तुमच्या देवेशाक करून घेवा.
म्हटलं, आजकाल मुलांना विचारावं लागतं. तेवढ्यात गाढव आतून बाहेर. बाबा, माझी तयारी आसा.
मग मलाच बोलावं लागलं. आमच्या घराण्यात असलं काही नाही, म्हटलं, पुढच्या पिढीचाही विचार करायला हवा. बाहेर खळ्यात, अंगणात, दिव्या उभी होती ते मला दिसलं नव्हतं. सुभद्रा पोरीचा हात धरून गेली.
देवेश न जेवता बाहेर पडला. बायको म्हणाली, बरा केलात, नाय म्हटलात ता. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझं काहीतरी पटलं तिला.
छातीत मात्र जळजळतंय. दुपारचा बांगडा शिळा असणार.