परातीतला भेडाघाट

१४ डिसेंबर, रविवार

बाबा, तुम्ही गेल्यापासून एक ओळही लिहिली नाही, माफ करा. खरं तर लिहावंसं वाटलंच नाही. पण परवा विजय नगरच्या सभागृहात तुमच्या चित्रांचं प्रदर्शन उघडतं आहे, आणि तिथे मला बोलायचं आहे. विषय आयोजकांनीच दिला: निसर्ग, माझ्या वडिलांचा गुरू. वाचून आधी हसू आलं, मग शिसारी.

भेडाघाटचे नर्मदेकाठचे संगमरवरी कडे तुम्ही जन्मभर रंगवलेत, ते कांचघर मोहल्ल्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली. आईची कणकेची परात, तिच्यात पाणी, पाण्यात निळीचे थेंब आणि मधोमध कपडे धुवायच्या साबणाच्या वड्या, सुरीने कड्यांसारख्या तासून उभ्या केलेल्या. खिडकी बंद, कारण वाऱ्याने पाणी हलायचं. आई दारात उभी आहे. "अहो, परात द्या आता, पोरगी भुकेली आहे." तुम्ही मान वर करत नाही. "थांब जरा, सावली पाहून राहिलो ना." मग ती परात दोन-दोनदा घासायची, तरी पोळीला साबणाचा वास यायचाच. आणि संध्याकाळी पाहुणे आले की त्याच तोंडाने, "मी कोण? नर्मदाजी रंगवून घेते." पाहुणे हात जोडायचे. आई चहा आणायची. इतकं धडधडीत खोटं इतक्या मऊ आवाजात बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. कॉलेजात असताना एकदा विचारलं, खरे कडे एवढे जवळ, मग जात का नाही? म्हणालात, "तिथं ऊन हलते. साबण हलत नाही." तुमचं तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि तेच तुम्ही पाहुण्यांपासून लपवलंत. लाज कशाची वाटायची, साबणाची की परात आईची होती याची?

माझा राग रास्त आहे का, हे तपासायला काल भेडाघाटला गेले. नावाडी कड्यांतले आकार दाखवत ओरडत होता, "देखो दीदी, इधर हाथी का पाँव, उधर बैठी गाय! नहीं दिखी? तो चश्मा बदलो!" अख्खी नाव हसली. ऊन खरंच हलत होतं, नजरेला काही धरता येईना. कडे मळकट, विस्कटलेले; तुमच्या चित्रांची कुणी घाईत नक्कल केल्यासारखे. पाहायचंसुद्धा तुमच्याच डोळ्यांनी, या विचाराने जीव जळला.

आज दुपारी आईला भाषण वाचून दाखवलं. नदी, संगमरवर, साधना, सगळं होतं. वाचताना आवाजही तुमच्यासारखा मऊ झाला. आई म्हणाली, "छान आहे. परातीचं काहून नाही लिहिलं?"

"लोकं हसतील, आई."

"हसू दे ना! वासाच्या पोळ्या आपण खाल्ल्या, त्यांनी नाही. अन् परात माझी होती."

भाषण फाडलं. परवा सगळं सांगणार आहे. तुमची नर्मदाजी माफ करो न करो. फक्त एक गोष्ट तिथे बोलणार नाही, आणि हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून इथे लिहिते: काल नावेत बसून मला तुमचा साबणच जास्त सुंदर वाटला.

उद्या: सभागृहात परातीसाठी मधोमध एक टेबल मागणे.