सवतीची डिस्क

प्रिय सुमतीताई,

काल तुला कॉम्प्युटरमधून बाहेर काढलं. तुला सांगायला नको का? म्हणून लिहायला बसले.

आपण कधी भेटलो नाही. तू गेलीस, त्यानंतर काही वर्षांनी मी सांगलीहून नोकरीसाठी चेन्नईला आले आणि माधवशी लग्न करून तुझ्या वेलचेरीच्या घरात शिरले. वयानं तू मोठी, पण सवतीला अहो-जाहो कोण करतं? तेव्हा तू म्हणजे तूच.

खरं सांगू? जळते मी तुझ्यावर! भिंतीवरच्या फोटोवर नाही गं, त्याला मी स्वतः मोगरा घालते. जळते ती तुझ्या त्या कॉम्प्युटरवर. सुरू केला की पडद्यावर 'सुमती'. माधवचा विमा, चष्म्याचा नंबर, घराचे कागद, कुठलीही फाइल उघडा, तू आपली आधीच तिथे. इतकं टापटीप असावं का माणसानं? मागून येणारीनं करायचं काय?

त्या कॉम्प्युटरवर तू दसऱ्याच्या आयुधपूजेला लावलेला चंदन-कुंकवाचा ठिपका अजून आहे. फडकं मारायचं ते त्याच्या भोवतीनं, असा या घरचा नियम आहे.

आमच्या गल्लीत पुराचं पाणी शिरलं ना, तेव्हा माधवनं पहिल्यांदा काय उचललं असेल? तुझा कॉम्प्युटर! तो माळ्यावर चढवला. माझा पासपोर्ट खालच्या खणात भिजत होता. "अय्यो, राहिलंच की!" म्हणाला. मी आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी.

अलीकडे मात्र तुझी डिस्क फारच कुरकुरायला लागली होती. सुरू करून आंघोळ करून यावं, तरी आपली फिरतेच आहे. मी नवी एसएसडी आणली, झटपट चालणारी डिस्क. मला सगळं कोरं करून हवं होतं. माधव म्हणाला, "सरि, कर. पण असकी जसंच्या तसं पाहिजे हं." सरि म्हणजे बरं, आणि असकी म्हणजे सगळं. तुमच्या तंजावरी मराठीतला हा शब्द ऐकला की मला वाटतं, मी पाहुणीच आहे इथे.

रविवार घालवून तुझं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं. जुनी काढायला गेले तर म्हणाला, "असू दे ना आत. काय खाते ती?" ठेवली. आणि सुरू केलं तर पुन्हा तेच रडगाणं! चांगल्या कंपनीत हेच काम करते मी, आणि चूक केली शिकाऊ मुलीसारखी. जुनी आत जोडलेलीच होती, तर यंत्र सवयीनं तिच्याकडेच जात होतं. नवी बिचारी शेजारी नुसती बसून!

मग माझा तोल गेला. "बघ माधव! नवी आणून बसवली, तरी पाय जुनीकडेच! या नवीला घरात आणलंस कशाला?"

डिस्कबद्दल बोलत नव्हते, हे त्यालाही कळलं. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, वाकला आणि तुझी वायर स्वतः काढली. मान बराच वेळ वर केली नाही त्यानं. तेव्हा मला तुझी कीव आली की त्याची, ठाऊक नाही.

सुरू केलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडदा उजळला. आणि वर काय? 'सुमती'! नव्या घरातही तूच आधी पोचलीस की गं! मला हसू आलं आणि रडूही.

तुझं नाव मी पुसलं नाही. खाली माझं घातलं, वेगळ्या पासवर्डासकट.

आज सकाळी माधव लाइटबिल भरायला बसला. मी स्वयंपाकघरात कॉफीचं दूध तापवत होते आणि कान तिकडे. तुझा पासवर्ड त्याची बोटं न बघता मारतात, तो टकटक आवाज मला पाठ आहे. पण आवाजच नाही! मग हाक आली, "मृणाल, तुझा पासवर्ड काय गं?"

दूध उतू गेलं. जाऊ दे!

आमच्या गावाकडच्या काकू दुसरेपणाच्या. पहिलीचा चांदीचा टाक त्यांच्या गळ्यात असायचा, सणाला आधी तिला हळद-कुंकू, मग स्वतःला. मी काही तुला गळ्यात घालणार नाही, आधीच सांगते! पण तुझी डिस्क मऊ कापडात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे. आयुधपूजेला पहिला ठिपका तुला लावीन, हा माझा शब्द. पासवर्ड मात्र तुला सांगणार नाही.

तुझी सवत,
मृणाल