खिळ्यावरचा होज पाइप

उस्ताद,

आज बुधवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. हात आधी डिझेलने, मग साबणाने धुऊन बसलो आहे. तुम्ही गेल्यापासून तळासरीचं गॅरेज मीच चालवतो. आत्ताच इथून खडीचा डंपर डहाणूकडे गेला, आणि तुम्हाला सांगायचं आहे की मी त्याला पट्टी मारली नाही.

मागच्या डाव्या ब्रेकला हवा नेणारा होज पाइप घासला होता. त्याला धरून ठेवणारी क्लिप तुटलेली, त्यामुळे तो लोखंडावर घासत राहिला आणि रबराखालचे दोरे दिसायला लागले. तुम्ही असतात तर जुन्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली असती आणि "जा, डहाणूपर्यंत काही होत नाही" म्हणाला असतात. डंपरच्या मालकानेही फोनवर तेच मागितलं. "पट्टी मारी दे ने भाई, तिकडे साइट थांबलीय. उस्ताद असते तर आत्तापर्यंत गाडी सुटली असती."

"सुटली असती, शेठ," मी म्हटलं. "थांबली असती का, ते सांगता येत नाही."

तो चिडला. सगळ्या गाड्या दुसरीकडे नेईन म्हणाला. आपलं निम्मं काम त्याच्याच गाड्यांचं. ड्रायव्हर उधव्याचा, माझ्याच वयाचा, चाकाला दगड लावत होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, शेठ फोनवर हाय. गाडीत मी हाय."

मग मी ब्रेकच्या टाकीतली हवा सोडली आणि पाइप उतरवला. नव्या पाइपवर आधी खडूने सरळ रेघ मारली. आवळताना रेघ फिरली तर पाइप पिळला समजायचं. या रेघेवरून तुम्ही सगळ्यांसमोर हसला होतात. "इथे गाडी सोडायची असते, पेपर द्यायचा नसतो. आठवीत सोडलीस ना शाळा?" तेव्हा मी खडू खिशात टाकला. आता रेघ मारतो आणि कुणाला विचारत नाही. पाना मात्र तुम्हीच दिलेला, सतरा-एकोणीसचा. त्याबद्दल तक्रार नाही. क्लिपही नवी बसवली, नाहीतर नवा पाइप तिथेच घासला असता.

उतरवलेला पाइप तुम्ही खिळ्याला अडकवायचात, उद्या कुणाला तरी लागेल म्हणून. लागायचाही. मी आज तो आरीने मधोमध कापला आणि खिळाही उपटला. तुम्हाला हा माज वाटेल. वाटू द्या. इथे उतरलेला ब्रेकचा पाइप परत कुठल्याही गाडीला चढणार नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. हवा भरल्यावर ड्रायव्हरला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. काम झालं होतं. तरी मी गाडीखाली आडवा झालो आणि तुम्ही न्यायचात तसा ओला गाल पाइपजवळ नेला. वारा लागला नाही. तेव्हा कुठे त्याला म्हटलं, जा.