नकाशातला जास्तीचा खडक

गुरुजी, आणि वरून तो मलाच म्हणतो, "मावशी, तुम्ही खिचडीकडं बघा, भिंतीकडं आम्ही बघतो." आम्ही म्हणजे कोण, तर शाळेतला नवा हेडमास्तर आणि त्याच्या हातातला मोबाईल. तुम्ही व्हरांड्यात रंगवलेला समुद्राचा नकाशा त्यानं मोबाईलशी ताडून बघितला. किनाऱ्यापासून लांब, भर पाण्यात जो एक काळा खडक आहे, तो मोबाईलात नाही. झालं. सगळी भिंतच पांढरी करायला निघालाय, मंगळवारी रंगारी येणार. "जुन्या मास्तरांनी अंदाजपंचे काढलंय," म्हणाला. अंदाजपंचे! हातातला डाव तसाच पातेल्यात सोडला आणि म्हणलं, "सर, अंदाजपंचे मी मीठ घालते. आमचे गुरुजी तसले नव्हते." आता तो मला बघून दुसऱ्या दारानं जातो.

तुम्ही स्वतः समुद्र बघितला नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. हिंगोलीच्या वाचनालयातून एक जाडं पुस्तक आणलं होतं तुम्ही, जुन्या काळी समुद्राचे नकाशे काढणाऱ्या एका माणसाचं. त्याचं नाव तुम्ही दहादा सांगितलं, माझ्या डोक्यात राहिलं नाही. आम्ही त्याला नकाशावाला बाबाच म्हणायचो. खलाशाचं पोरगं, शाळा ठाऊक नाही, सगळा जन्म एका किनाऱ्यानं वर-खाली गेला. दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचा, शिशाच्या बुडाला चरबी लावलेली, वर ओढलं की तिला काय चिकटलंय ते बघायचा. वाळू, चिखल का शिंपलं. सूर्याची उंची मोजून मोजून एक डोळा गेला त्याचा. तुम्ही हे असं सांगायचे की जसा काय तो तुमचा चुलता होता. मग आम्हाला शाळेमागच्या विहिरीवर नेलं, दोरीला हाताहातावर गाठी मारल्या, धोंडा बांधला आणि म्हणाले, बुडाला लावायला चिकट काहीतरी घरून आणा. मी गूळ आणला. धोंडा वर आला तो धुतल्यासारखा. "बये, विहिरीचा शरबत करून राहिली काय?" पोरं हसली, मला राग आला, मी दोरीच विहिरीत फेकून दिली. तुम्ही ओरडले नाही. धोतर खोचून, गळ टाकून दुपारभर ती दोरी काढत बसले, आणि मला शेजारी बसवून ठेवलं. तुमची रागवायची रीत तीच होती.

आता खडकाचं लिहिते. चौथीत आहे मी. तुम्ही स्टुलावर उभे, एका हातात पुस्तक, दुसऱ्यात ब्रश. किनारा झालाय, देवळाचा कळस, दर्ग्याचा घुमट, डोंगराचं टोक, जहाजावरून दिसेल तेवढं. मागचा मुलूख सगळा कोरा. मी विचारते, "गुरुजी, आपलं गाव कुठं हाय?"

"समुद्रावरून आपलं गाव दिसत न्हाई, पोरी. दिसलं न्हाई ते नकाशावाला काढत न्हाई."

"काहून दिसत न्हाई? आमाला तर रोज दिसतं."

तुम्ही हसत हसत चहाला गेले. मला कुठलीही गोष्ट थांबून करायची सवय नाही, तेव्हाही नव्हती. ब्रश घेतला आणि एक काळा ठिपका देऊन आपलं गाव उचलून पाण्यातच ठेवलं, जहाजवाल्यांना दिसलंच पाहिजे अशा ठिकाणी. दुसऱ्या दिवशी तुम्ही चिंधी घासलेटात बुडवून उभे होते. "हे कोणी केलं?" तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "गुरुजी, ते तर पयल्यापासूनच हाय."

चिंधी तुम्ही खाली ठेवली. म्हणाले, नकाशावाल्याचा एक कायदा होता. कोणी सांगितलं की अमक्या जागी खडक आहे, तर आपण स्वतः जाऊन दोरी सोडून बघितल्याशिवाय पुसायचा नाही. नसलेला खडक नकाशात राहिला तर जहाजाला वळसा पडतो, बस. असलेला पुसला तर माणसं बुडतात. पुस्तक मुदत संपली म्हणून आदल्या सांजेलाच वाचनालयात परत गेलं होतं, ते पुन्हा बघायला तुम्ही एसटीनं हिंगोलीला गेले, तर ते कोणीतरी नेलेलं. परत येऊन खडकाशेजारी बारीक अक्षरात "ऐकीव" एवढं लिहिलं. आणि तेव्हापासून फळ्यावर काही लिहिलं की मागं वळून विचारायचे, "बराबर हाय ना रे? मला आजकाल ध्यानात ऱ्हात न्हाई." दरवेळी मी मान खाली घालून पाटीच पुसत बसायची. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती घरच्यांमुळं, पण गुरुजी, मला तेव्हा बरंही वाटलं होतं.

आता त्याच भिंतीखाली रोज ताटं वाढते. लेकरं विचारतात, "मावशी, त्या खडकावर कोण राहतं?" मी म्हणते, "लई तापट माणसं राहतात, जेवा गुमान." काल मात्र राहवलं नाही. हेडमास्तरला गाठून सांगितलं, खडक माझा आहे, लहानपणीचा, गुरुजींची चूक नाही. तो आधी हसला. मग म्हणाला, "मग सोपं झालं, मावशी. तेवढा ठिपका तुम्हीच पुसा. नकाशा राहू देतो, खाली तुमच्या गुरुजींचं नावही लिहून घेतो." माणूस वाईट नाही, मी उगाच तोंड सोडलं.

तर सकाळी स्टूल घेतलं, चिंधी घेतली, वर चढले आणि उतरले. हात होईना. कारण तुम्हाला ठाऊक होतं का नव्हतं, तेच मला ठाऊक नाही. ठाऊक असून तुम्ही माझं गाव पाण्यात राहू दिलं असलं, तर मी ते पुसणार नाही, भिंत गेली तरी चालेल. आणि तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःच्याच डोक्यावर शंका घेत गेले असलात, तर मला ते पुसलंच पाहिजे, नख झिजेपर्यंत. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तुमची मंडळीही गेली, विचारू कोणाला?

हे पोस्टात टाकायचं तर वर पत्ता काय घालू? शाळेतल्या तांदळाच्या पिंपात ठेवते, तिथं माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही. आणि एक राहिलं. हेडमास्तरला मी एवढंच सांगितलं की ठिपका माझ्या हातून पडला. तुमच्या तोंडावर खोटं बोलले, ते नाही सांगितलं, सांगणारही नाही. ते तुमचं तुम्हालाच. सोमवारी शाळा सुटायच्या आत मला कळवा, ठाऊक होतं का नव्हतं. कसं कळवायचं ते तुम्ही बघा, मास्तर तुम्ही आहात.