सर म्हणाले, असा शब्दच नसतो

१२ जून १९९५
बारामतीला बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला. निमगाव केतकीहून रोज एसटी. आबांनी हो म्हटलं, पण अट घालून — "एकच परीक्षा. न्हाय झालीस पास, तर मी म्हणंल तितं लगीन."
हिंदुराव सर टाय घालतात. जूनमध्ये! त्यांची पद्धत अशी — सर अर्थ सांगणार, आपण इंग्रजी शब्द शोधायचा. "जो सगळं काही खातो?" मी म्हटलं, "ऑम्निव्होरस!" मागून एकजण म्हणाला, "आमचा सरपंच!"

२० जून
आजचा अर्थ — बायकांचा द्वेष करणारा. मिसॉजिनिस्ट. सरांनी फळ्यावर भला मोठा लिहिला, स्पेलिंग चुकवून. मी विचारलं, "आणि पुरुषांचा द्वेष करणारी?" पोरं फिदीफिदी हसली. सर म्हणाले, "असा शब्दच नसतो, विजयमाला. गरज पडत नाही."
गरज पडत नाही!!

२१ जून
वाचनालयात समानार्थी इंग्रजी शब्दांचा जाडजूड कोश आहे. द्वेषापासून सुरुवात केली. द्वेषाशेजारी तिरस्कार, तिरस्काराशेजारी किळस... शिपाई पंखे बंद करायला लागला तेव्हा कुठं सापडला. मिसँड्रिस्ट!

२२ जून
वर्गात सांगितला. सर टायची गाठ सैल करत म्हणाले, "तो परीक्षेत येत नाही."

९ जुलै
पाहुणे बघून गेले. परीक्षेआधीच! मुलगा इंदापूरचा, ऋषिराज. घरचे इंग्रजी शाळा काढतायत. त्याची आई राजलक्ष्मीबाई पोहे खाता खाता म्हणाली, "बाहेरची बाई ठेवली की पगार द्यावा लागतो. सून म्हंजे घरचीच." 'पगार' असा उच्चारला, जणू पोह्यात खडा लागला.
ऋषिराज म्हणाला, "इंग्लिशमधे काहीतरी बोल ना." मी काय पोपट? मीच विचारलं, "दुसऱ्याच्या कष्टावर जगणारा — एका शब्दात?"
तो छताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मॅनेजर?"
संध्याकाळी निरोप आला — मुलगी पसंत. कर्म माझं!

१ ऑक्टोबर
पुण्यात परीक्षा. माझ्या पुढच्याच बाकावर हिंदुराव सर! टाय नाही. मला वाटलं, पेपर वाटायला आलेत. हळूच म्हणाले, "माझ्या वयात बसणारी ही शेवटचीच परीक्षा. वर्गात कुणाला सांगू नकोस."
हसायला हवं होतं. हसू आलं नाही.

२२ जानेवारी १९९६
निकालाचा पत्ता नाही. आबांचा धीर सुटला. "पास झाली असतीस तर आत्तापतुर कळलं असतं." रविवारी साखरपुडा. राजलक्ष्मीबाईंनी कळवलंय — जूनपासून पहिलीचे दोन्ही वर्ग माझ्याकडं. नवऱ्याआधी पोरं मिळाली, तीही ऐंशी.
आई साडीला पिको करून घेऊन आली. मी बघितलीही नाही.

२७ जानेवारी
दुपारी दारात हिंदुराव सर. हातात निकाल छापलेला पेपर, एसटीची धूळ अंगावर. साखरपुड्याचं त्यांना वर्गातल्या पोरींकडून कळलेलं.
आबांना म्हणाले, "माझ्या मागचा नंबर लागलाय. तुमच्या मुलीचा. माझा नाही लागला. उद्याचं पोस्टपोन करा."
"पोस्टपोन म्हंजे?"
"पुढं ढकला."
मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "न्हाय आबा! कॅन्सल!"
ह्या शब्दाचा अर्थ आबांनी विचारला नाही.